राई देवाची, सातबारा कुणाचा?

देवराई, राहाटी, देवरहाटी, बन, गोव्यातली देवाची राय. नावं वेगळी असली तरी गावाने देवाच्या नावाने राखलेलं जंगल एकच. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या पद्धतशीर नोंदी घेतल्या. आज विकत घेऊनही मिळणार नाहीत अशी झाडं गावांनी कुठल्याही कायद्याविना जपली आहेत, हे त्या नोंदींतून स्पष्ट दिसलं. या वेळी आलेल्या पत्रांवरून इतकं कळतं, की राई राखायची इच्छा अजून आहे. अडतं ते नेमकं काय करायचं यावर. मिळतेजुळते प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

ग्रामदेवतेच्या राहाटीत देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. मोठा सभामंडप, पुढे पेव्हर ब्लॉक, आणि खर्चासाठी सहा जुनी झाडं विकायची असं बैठकीत ठरलं. मुंबईकर मंडळी आग्रही आहेत. आम्ही विरोध करणारे थोडेच. काय करावं?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

सर्वांत आधी सातबारा काढा. संगणकीय उतारा पुरणार नाही. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफारही तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षातून मागा. कब्जेदार म्हणून बहुधा तीनपैकी एक नाव सापडेल: शासन किंवा वन विभाग, देवस्थान, नाहीतर गावातले सामाईक खातेदार. शासनाच्या जमिनीतली झाडं विकायचा अधिकार जीर्णोद्धार समितीला नाही. देवस्थान इनाम (देवळाच्या खर्चासाठी पूर्वी दिलेली, वर्ग ३ ची जमीन) असेल तर ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरितही करता येत नाही, त्यामुळे तिथल्या झाडांचा व्यवहार चार जणांनी परस्पर उरकणं चुकीचंच. खातेदारांची जमीन असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. त्यांना पूर्वपरवानगी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आहे. मालकी कुणाचीही असो, शब्दाच्या सरळ अर्थाने जे जंगल आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू, असं तो सांगतो. २०२३ मध्ये कायदा बदलला, तरी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने तूर्त हीच व्याख्या पाळायला सांगितली आहे.

ही कागदपत्रं हाताशी ठेवा, पण बैठकीत पहिल्याच दमात पुढे करू नका. गावात कायद्याचा धाक घातला की राईचा प्रश्न बाजूला पडतो आणि दोन तट उभे राहतात. आधी मानकऱ्यांना आणि गुरवांना विचारा: राईतल्या झाडाला हात लावायचा तर देवाला कौल लावायची रीत आहे, ती पाळली का? कित्येक ठिकाणी घाईत ती विसरलेली असते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी विकासाचा शत्रू म्हणू शकत नाही. मात्र सगळी भिस्त कौलावर ठेवू नका. तो तोडीच्या बाजूनेही पडतो.

खरी लढाई आराखड्यावर द्या. देऊळ जुन्या जोत्यावरच उभं करा, जोतं वाढवू नका. जवळच्या प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा आणि त्याला चारने गुणा. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखा. घेर ३ मीटर असेल तर बुंध्याभोवती १२ मीटरपर्यंत खोदाई नको, मातीचा भराव नको, सिमेंट नको, जेसीबी नको. पाणी-अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. पेव्हर ब्लॉकसाठी जमीन ठोकून घट्ट केली, की ती गुदमरतात. यात फसगत होते ती अशी, की झाड त्या वर्षी मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात. तोवर फरशीचा आणि वाळण्याचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि वाळलेलं झाड धोकादायक म्हणून तोडलं जातं. अंगणात पाय चिखलात जाऊ नयेत एवढंच हवं असेल तर जांभ्याचे सुटे चिरे मातीवर बसवा, सांधे मोकळे ठेवा. मोठा मंडप राईबाहेर बांधा; जत्रेचे दोन दिवस माणसं शंभर पावलं चालतील.

सहा झाडं गेली म्हणजे सहाच गेली, असं राईत होत नाही. तिथली झाडं एकमेकांच्या आधाराने उंच झालेली असतात. मधली काढली की वारा थेट शेजारच्यांवर येतो आणि पुढच्या पावसाळ्यांत तीही उन्मळतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर रानमोडीचं तण माजतं. आणि ‘पोकळ झालंय, आज ना उद्या पडणारच’ म्हणून ज्या झाडाकडे बोट दाखवलं जातं, त्याच्याच ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. बेहड्यासारख्या प्रचंड, जुन्या झाडाशिवाय एवढी ढोली होत नाही. अशा पोकळ खोडाला व्यापारी भावही फारसा देत नाही. समितीला लेखी अंदाज मागा: सहा झाडांचे किती येणार, आणि मंडप लहान केला तर किती वाचणार? हे दोन आकडे शेजारी ठेवले की मुंबईकरांशी बोलणं सोपं होतं. वर्गणी देणारे तेच आहेत, त्यांना हिशेब कळतो.

आमची देवराई वन विभागाच्या जमिनीत, अभयारण्याच्या हद्दीत आहे. गाव महादेव कोळी समाजाचं. राई पिढ्यान्‌पिढ्या आम्ही राखली, पण कागदावर आमचं काहीच नाही. सामूहिक वनहक्काचा दावा करता येईल का?
— ग्रामसभेचे काही सदस्य, ता. आंबेगाव

करता येईल, आणि करावाच. २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं. तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम ३(१)(झ) आहे, इंग्रजी प्रतीतलं ‘आय’. जे सामूहिक वन गाव परंपरेने राखत आलं त्याचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ते देतं. कलम ५ ग्रामसभेला जंगल, पाणलोट आणि सांस्कृतिक-नैसर्गिक वारसा जपण्याचे अधिकार देतं.

पाडा किंवा महसुली गाव यांची स्वतंत्र ग्रामसभा बोलवा. पाच गावांच्या ग्रुप ग्रामपंचायतीची सभा यासाठी धरत नाहीत. वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात, त्यांत किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश स्त्रिया. सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर, आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया. इथे पुष्कळ दावे पांगळे होतात. राईचा विषय म्हणून सभा राईतल्या देवळापुढे भरवली जाते, तिथे बायकांना यायची रीत नसते, आणि ठरावाखाली फक्त पुरुषांच्या सह्या उरतात. सभा शाळेच्या पटांगणात घ्या. रानभाजी, लाकूडफाटा, झऱ्याचं पाणी यांची माहिती स्त्रियांकडेच जास्त असते, ती दाव्यात उतरलीच पाहिजे.

अर्ज नमुना ‘ग’ मध्ये करा, इंग्रजी प्रतीत तो ‘फॉर्म सी’. नमुना ‘ख’ चराई, गौणवनोपज अशा वापराच्या हक्कांसाठी आहे. तोच भरून बसलात तर गोळा करण्याचा हक्क मिळेल, राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा राहून जाईल. दोन्ही भरा. पुरावे एकापेक्षा जास्त हवेत. वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये पवित्र झाडं, देवराया, तळी, दहनभूमी-दफनभूमी यांना पुरावा म्हणून स्पष्ट मान्यता आहे. म्हणजे ज्या राईसाठी दावा करताय ती स्वतःच तुमचा पुरावा आहे. तिच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने गॅझेटियर किंवा वन विभागाच्या कार्ययोजनेतले उल्लेख, जत्रेच्या वहिवाटीच्या नोंदी जोडा. स्थळपाहणीआधी वन विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. न कळवता केलेली पाहणी पुढे उपविभागीय समितीत अडते. शेजारच्या गावांच्या सीमेशी दावा भिडत असेल तर आधीच एकत्र बसून नकाशावर दोन्हीकडच्या सह्या घ्या.

एक चूक कळकळीने टाळा: दावा फक्त देवळाभोवतीच्या एक-दोन एकरांचा करू नका. राईला पाणी पुरवणारा वरचा उतार, गुरं थांबवली जातात ती वेस, पालखीची वाट, हे सगळं पारंपरिक सीमेत येतं. नाकारल्यास कारणं लेखी मागा आणि ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जा.

हक्क मिळाल्यावर नियम ४(१)(ङ), म्हणजे इंग्रजी प्रतीतला ४(१)(ई), याखाली ग्रामसभेची व्यवस्थापन समिती करायची असते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव सर्वसहमतीने निर्णय घेत होतं. तुमच्या राईचे नियमही आताच लिहून काढा: काय तोडायचं नाही, काय उचललं तर चालतं, दंड किती आणि तो कुठे जमा होतो. कागद हातात पडेपर्यंत थांबू नका.

आम्ही आदिवासी नाही आणि राई वनजमिनीतही नाही, देवस्थानच्या नावे आहे. आमच्यासाठी कोणता कायदा?
— दोन पत्रं, सिंधुदुर्ग

जमीन वनजमीन नसेल तर वनहक्क कायदा लागू होत नाही. तुमचा रस्ता जैवविविधता कायद्याचा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते. तिला जागं करा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत राईचं स्वतंत्र पान लिहून घ्या: सीमा, गट क्रमांक, झाडांची यादी, पाण्याची जागा, पाळले जाणारे नियम. कलम ३७ खाली राज्य शासन स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. तुमच्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल, जेमतेम २.५९ हेक्टर, अशी जाहीर झाली आहे. गावाने ती देवाची म्हणून राखली नसती तर जाहीर करायला उरलीच नसती.

वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ग खालचं ‘समुदाय राखीव क्षेत्र’ हा आणखी एक मार्ग. व्यवस्थापन समितीत गावाचे किमान पाच प्रतिनिधी आणि वन किंवा वन्यजीव विभागाचा एक असतो. एकदा अधिसूचना निघाली की समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. संरक्षण म्हणून हे भक्कम, पण आमचा सल्ला घाई न करण्याचा आहे. ‘वन्यजीव कायदा’ म्हटल्यावर उद्या देवळात जायलाही परवानगी लागेल ही भीती पसरते, आणि अर्धवट समजुतीने दिलेला ठराव दुसऱ्या वर्षी फिरवला जातो. आधी ग्रामसभेचा ठराव आणि नोंदवही, मग वारसा स्थळ, आणि गाव एकमुखी असेल तरच समुदाय राखीव.

राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिलेला निकालही प्रस्तावाला जोडा. प्रत्येक ओरणाचं जमिनीवर आणि उपग्रहाच्या मदतीने सर्वेक्षण करा, आकार लहान म्हणून वगळू नका, असं त्यात राजस्थान शासनाला बजावलं आहे. देशभरातल्या अशा जंगलांसाठी धोरण आखायलाही केंद्राला सांगितलं आहे. कोकणातल्या कित्येक राया एकरभरही नसतात. ‘एवढ्याशा तुकड्याचं काय’ असं म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे.

राईत मोठी झाडं भरपूर, पण लहान रोपं दिसत नाहीत. रोपवाटिकेतून वड, पिंपळ, कडुनिंब आणून लावावेत का?
— एक शिक्षिका, ता. मुळशी

नको. आधी रोपं का नाहीत ते शोधा. राईतून एक सरळ रेषा धरा आणि दर २० मीटरवर १० × १० मीटरचा चौकोन आखा. ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक झाड मोजा, आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यात २ × २ मीटरमध्ये रोपं मोजा. शाळेतली मुलं हे एका सकाळी करू शकतात. इवली रोपं आहेत, पण गुडघ्याएवढी आणि पुरुषभर उंचीची नाहीत, असं दिसलं तर गुरं-शेळ्या खात आहेत. इवली रोपंही नसतील तर बहुधा झाडलोट कारणीभूत. जत्रेआधी सगळी राई झाडून पाचोळा जाळायची सवय नवी आहे आणि घातक आहे. बी पाचोळ्याच्या ओलीत रुजतं. पालखीची वाट आणि अंगण तेवढं झाडा, पाचोळा आत लोटा, काडी लावू नका.

गुरांसाठी भोवती दगडी गडगा घाला, चार-साडेचार फुटांचा, वर चिलारीच्या काटेरी फांद्या. तळाशी मधूनमधून फूटभराच्या फटी ठेवा म्हणजे उदमांजर, साळिंदर यांची ये-जा चालू राहील. भेरली माडाची फळं खाऊन बिया पसरवणारं उदमांजरच आहे. चर खणू नका, कडेच्या झाडांची मुळं तुटतात. गडग्याबाहेर दहा फुटांचा पट्टा पौष-माघात साफ करून जाळरेषा काढा. वणवा बहुतेक वेळा शेजारच्या भाजावळीतून किंवा बागेच्या सफाईतून येतो.

रानमोडी फुलायच्या आत, आश्विन-कार्तिकात, मुळासकट उपटा. एकदा बी वाऱ्यावर गेलं की वर्षाची मेहनत वाया. सलग तीन वर्षं करावं लागतं. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. सगळी एकदम काढू नका, तिच्या आडोशाला अंजनी-जांभळाची रोपं जगत असतात.

तरीही लावायचं असेल तर राईच्या आत खड्डे नकोत. बाहेरच्या कडेने ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे, ३ मीटर अंतरावर, आणि रोपं त्याच राईतल्या बियांची. पडलेल्या बियांतला पाचवा हिस्सा घ्या, बाकी पक्ष्या-प्राण्यांना सोडा. जांभूळ, नागकेशर, रानजायफळ यांचं बी वाळवून साठवता येत नाही, आठवड्याभरात पेरा. हिरड्याचा गर काढूनच पेरा, आणि महिनोन्‌महिने उगवलं नाही तरी वाफा मोडू नका. भेरली माडाची फळं हातमोजे घालून हाताळा, गराने हात भयंकर खाजतात.

राईतली वाळकी लाकडं, फळं, औषधी नेलेली चालतात का?
— एक वाचक, ता. मावळ

तुमच्या राईची रीत काय, त्यावर. काही ठिकाणी पडलेली काटकीही नेत नाहीत, काही ठिकाणी देवाच्या कामापुरतं लाकूड चालतं. तुमच्याच तालुक्यात अजिवलीच्या राईत भेरली माडापासून माडी काढली जाते. माड जिवंत राहिला तरच ती मिळते, म्हणून गाव तो जपतं. घेणाऱ्यांची संख्या आणि प्रमाण गावाने ठरवलेलं असेल तर राई टिकते. बाहेरचा व्यापारी किलोवर भाव देऊ लागला, की ते प्रमाण पहिल्याच हंगामात मोडतं. औषधासाठी विकल्या जाणाऱ्या सीता अशोकाच्या सालीबाबत फार सावध राहा.

ओडिशातल्या नियमगिरीचा उल्लेख सारखा ऐकतो. तिथे नेमकं काय झालं?
— एक विद्यार्थी, नाशिक

नियमगिरी हा डोंगर म्हणजे डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा. त्या डोंगरमाथ्यावरचं बॉक्साइट लांजीगढच्या वेदांता प्रकल्पासाठी हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं, की खाणीमुळे लोकांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांवर काय परिणाम होतो हे ग्रामसभा ठरवतील. राज्य शासनाने १२ गावं निवडली, रायगडा जिल्ह्यातली ७ आणि कालाहांडीतली ५. डोंगरावरच्या वस्त्या याहून कितीतरी जास्त, म्हणून या निवडीवर लोकांचा आक्षेप होता. तरीही १८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३ दरम्यान बाराही ग्रामसभांनी, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली. त्या सभांत लोक पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते: अमुक शिळा किंवा तमुक शिखर नव्हे, सगळा डोंगर देवाचा आहे. वर आंबेगावच्या वाचकांना सीमा आखडती घेऊ नका म्हटलं, त्यामागे हाही अनुभव आहे.

देवळाच्या कुंडात डास होतात म्हणून गप्पी मासे सोडायचे आहेत. कुंड आतून सिमेंटने बांधूनही घ्यावं का?
— एक वाचक, ता. सावंतवाडी

दोन्ही नको. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, महादेवाच्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये तिथली २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ झाली. तुमच्या कुंडात कोणते जीव आहेत हे कुणी पाहिलेलं नसेल. बाहेरून आलेले गप्पी तिथल्या माशांची अंडी-पिल्लं आणि खाणं दोन्ही फस्त करतात, आणि एकदा रुजले की काढता येत नाहीत. वाहत्या झऱ्यात डास फार होत नाहीत. होत असतील तर बाहेर जाणारी वाट निर्माल्याने तुंबलेली असते, ती मोकळी करा. तळाला सिमेंट केलं की आतले उमाळे बंद होतात आणि कुंड टँकरने भरावं लागतं. पडलेले दगड चुन्याशिवाय, जागच्या जागी रचून घ्या. निर्माल्यासाठी कुंडाच्या खालच्या अंगाला, दहा-पंधरा मीटर लांब, वेगळा खड्डा करा.

पुण्यातला आमचा गट दर रविवारी वेगळी देवराई पाहतो आणि जागा नकाशासह समाजमाध्यमांवर टाकतो. गावांना याचा उपयोग होईल ना?
— एक वाचक, पुणे

नकाशातली नेमकी जागा टाकू नका. ऑर्किड, औषधी आणि धनेशाची ढोली शोधणाऱ्यांना तीच हवी असते. तालुक्याचं नाव पुरे. जायच्या आधी गुरवांना किंवा सरपंचांना विचारा, चपला कुठे काढायच्या आणि कुठवर जायचं ते समजून घ्या. माघ ते वैशाख ढोलीखाली थांबू नका, नर भरवायला येत नाही. तुमच्याकडे मोजपट्टी, कॅमेरा आणि रविवार आहे. तर झाडांची मोजदाद करून ती यादी मराठीत, स्थानिक नावांसह, गावाच्या नोंदवहीसाठी ग्रामपंचायतीकडे द्या आणि एक प्रत शाळेत ठेवा.